पाच पेपर, एकच चूक : दहावीच्या जीवशास्त्राची एकत्र उजळणी



जानेवारीत प्रिलिमचे पेपर तपासत होते. विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ चा गठ्ठा. ग्लायकोलायसिस पेशीत कुठे होते, या प्रश्नाला पाच मुलांनी एकच चुकीचं उत्तर लिहिलं होतं : तंतुकणिकेत. ही चूक दरवर्षी कुणी ना कुणी करतंच, त्याचं काही विशेष नाही. पण या पाच जणांचं वाक्य शब्दाला शब्द सारखं होतं, अगदी शेवटच्या 'म्हणून तंतुकणिकेला पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हणतात' इथपर्यंत. पहिला विचार आला तो तुमच्याही मनात आला असेल. कॉपी!

मग बैठकव्यवस्थेचा कागद काढला. पाच जण तीन वेगवेगळ्या वर्गांत बसलेले. दोघं तर वेगळ्या मजल्यावर. कॉपी कशी करणार?

दुसऱ्या दिवशी पाचही जणांना प्रयोगशाळेत बोलावलं. घाबरलेच होते. पेपर समोर ठेवले तशी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले आणि शेवटी एक मुलगी म्हणाली, "बाई, आम्ही कॉपी नाही केली. आम्ही एकत्र अभ्यास केला."

यातल्या कोणत्याही मुलाचं नाव मी इथे लिहिणार नाही. शाळेचंही नाही. बोरिवली पश्चिमेची मराठी माध्यमाची शाळा, एवढं पुरे. मुलं कुठे राहतात हे मात्र सांगायला हवं, कारण एकत्र अभ्यासाचा विषय तिथूनच सुरू होतो. तिघं पुनर्वसनाच्या इमारतीतली, म्हणजे 225 चौरस फुटांची खोली, त्यात पाच-सहा माणसं आणि एक टीव्ही. एक दहिसरहून येतो. आणि एक मुलगी गोराईची, ती रोज खाडी ओलांडून बोटीने येते. यांच्यापैकी एकालाही घरी स्वतःचं टेबल नाही. मुंबईत हे नवीन नाही. वरळीत एक रस्ता 'अभ्यास गल्ली' म्हणूनच ओळखला जातो. बीडीडी चाळींतल्या पोरांच्या पिढ्या तिथे रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून परीक्षा पास झाल्या. आपण पालकसभेत 'मुलाला शांत, हवेशीर खोली द्या' असं सांगतो ना, तेव्हा समोरच्या आया कशा बघतात ते एकदा नीट पाहा.

तर ही पाच जणं संध्याकाळी एकाच्या घरी जमायची. कशी अभ्यास करता ते करून दाखवा, म्हटलं. लाजत लाजत दाखवलं. वर्गातला हुशार मुलगा मध्ये बसतो, गाईड उघडतो, वाचतो आणि समजावतो. बाकीचे चौघं 'हो, हो' करतात आणि तो सांगेल ते वहीत उतरवतात. एखाद्याला नाही समजलं तर तो पुन्हा तेच वाचतो, जरा मोठ्याने. तासाभराने धडा 'झाला'. सगळ्यांना बरं वाटतं. ग्लायकोलायसिसची चूक त्या हुशार मुलाची होती. श्वसन म्हणजे तंतुकणिका, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. त्याने आत्मविश्वासाने सांगितलं, चौघांनी विश्वासाने लिहून घेतलं.

तुम्हाला वाटेल, मग एकत्र अभ्यासच बंद करावा. एका पालकांनी तसं सुचवलंही. पण मला वाटतं त्यांनी एकत्र अभ्यास केलाच नव्हता. एकट्याने केला आणि बाकीच्यांनी ऐकला. हा तर आमच्याच तासाचा नमुना झाला. मीही चाळीस मिनिटं बोलते आणि साठ मुलं 'हो' म्हणतात.

शनिवारी दुपारी प्रयोगशाळा रिकामी असते. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आणि पाचाची आठ मुलं झाली. मी एकच अट घातली : बसल्यावर पहिली दहा मिनिटं पुस्तक, गाईड, वही, काहीही उघडायचं नाही. ठरलेल्या धड्यातलं जे आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचं. आकृती आठवली तर आकृती, अर्धवट आठवली तर अर्धवट. मग पुस्तक उघडून लाल पेनने आपलं आपण तपासायचं.

पहिल्या शनिवारी अक्षरशः रडकुंडीला आली मुलं. "बाई, आधी एकदा वाचू द्या ना, मग लिहितो." याचं कारण मला ठाऊक होतं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं, असा समज होतो. रस्त्यात भेटणारा शेजारी ओळखीचा असतो, पण त्याचं आडनाव विचारलं तर आठवत नाही, तसंच. यावर अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुन्हा न वाचता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर उलटं झालं : आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के भाग आठवत होता, पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के. म्हणजे आदल्या रात्री वाचून जाणाऱ्याला 'आपल्याला येतंय' असं वाटतं ते खोटं नसतं, पण ते टिकत नाही. बोर्डाची परीक्षा पाच मिनिटांनी नसते हो.

दुसरी अट आपोआप आली. सांगणारा बदलायचा, आणि जो सांगतोय त्याला इतरांनी 'का?' विचारायचंच. हुशार मुलाला गप्प बसवणं हे या सगळ्यातलं सर्वात कठीण काम होतं. त्याला मी प्रश्न काढायचं काम दिलं.

ग्लायकोलायसिसचा खरा निकाल दुसऱ्या शनिवारी लागला. मी फळ्यावर बरोबर उत्तर लिहून मोकळी झाले नव्हते, मुद्दामच. त्या दिवशी सांगायची पाळी वर्गात कधीच हात वर न करणाऱ्या एका मुलीची होती. तिने पुस्तकातून शोधून काढलं होतं की ग्लायकोलायसिस पेशीद्रव्यात होते : ग्लुकोजच्या एका रेणूचं विघटन होऊन पायरुविक आम्लाचे दोन रेणू तयार होतात, आणि ते पुढे तंतुकणिकेत जातात. हुशार मुलगा ऐकेना. "पण ऊर्जा तंतुकणिकेतच तयार होते ना? मग सुरुवात बाहेर कशाला होईल?" प्रश्न चांगलाच होता. मलाही क्षणभर वाटलं, आता आपण बोलावं. पण तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "मग दह्याचं काय?"

कुणाला काही कळेना. ती म्हणाली, "सातव्या धड्यात लॅक्टोबॅसिलाय आहेत. ते जिवाणू आहेत. जिवाणूंना तंतुकणिका नसते. तरी ते दुधातली साखर तोडतात ना? मग ते कुठे तोडतात?"

वर्गात मी हा धडा बारा वर्षं शिकवते आहे. दुसरा धडा आणि सातवा धडा असा जोडायचं मला कधी सुचलं नव्हतं. मग बाकीचं मुलांनीच रचलं. ऑक्सिजन नसला तरी ग्लायकोलायसिस होते. किण्व पेशींत पुढे अल्कोहोल होतं, दह्यातल्या जिवाणूंत लॅक्टिक आम्ल होतं, आणि शंभर मीटर जोरात धावल्यावर आपल्या स्नायूंतही लॅक्टिक आम्ल तयार होतं. तंतुकणिकेचं काम नंतरचं, ऑक्सिजन असेल तेव्हाचं. हुशार मुलाने स्वतःच्या वहीत ते खोडून लिहिलं, आणि खाली बारीक अक्षरात 'दही' असं लिहून चौकट केली. त्या दिवसापासून एक चुकांची वही सुरू झाली. चूक कोणाची ते लिहायचं नाही; चूक काय आणि ती का बरोबर वाटली होती, एवढंच. दुसरा रकाना मला जास्त मोलाचा वाटतो.

आता प्राण्यांचे वर्गीकरण. सहावा धडा. हा पाठांतराचा डोंगर समजला जातो. पोरीफेरा, सिलेंटराटा, प्लॅटीहेल्मिंथिस... मुलं हे पाढ्यांसारखं म्हणतात आणि पेपरात 'तारामासा' दिसला की मत्स्य वर्गात टाकून मोकळी होतात. त्यांचा तरी काय दोष? आपली भाषाच फसवते. तारामासा मासा नाही, तो इकायनोडर्माटा. देवमासा मासा नाही, तो सस्तन. जेलीफिश सिलेंटराटा. आणि जवळा, जो आपण मासळी म्हणूनच विकत घेतो, तो तर कोळंबीचा भाऊबंद, आर्थ्रोपोडा.

जवळ्याचं नाव काढलं गोराईच्या मुलीने. तिची आई बोरिवलीच्या बाजारात मासे विकते. "बाई, आईच्या पाटीवर निम्मा धडा असतो," ती म्हणाली. मी म्हटलं, मग तिथेच जाऊ या.

रविवारी सकाळी गेलो. शिक्षकांनो, हे जरूर करून बघा. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, कुठल्याही उपनगरातला मासळी बाजार चालेल, फक्त गर्दी ओसरल्यावर जा आणि बायकांचा धंदा अडवू नका. मी आधी जाऊन विचारून आले होते आणि निघताना दोन वाटे कोळंबी घेतली, एवढी तर रीत हवीच.

कोळंबी, खेकडा, जवळा : पायांना सांधे, अंगावर कवच, संघ आर्थ्रोपोडा. कोळंबीचे चालायचे पाय मोजले, पाच जोड्या. तिसऱ्या : मऊ अंग आणि बाहेर शिंपला, मोलुस्का. इथपर्यंत सोपं होतं. मग मुलीच्या आईने माकूल उचललं. शिंपला कुठाय? पोरं गप्प. काकूंनी सुरीने चीर दिली आणि आतून एक पारदर्शक, पातळ पट्टी ओढून काढली, प्लॅस्टिकच्या पट्टीसारखी. माकूल साफ करताना ती रोज हे काढून फेकते. मोलुस्काचं कवच काही प्राण्यांत शरीराच्या आत असतं, हे वाक्य मुलांनी वाचलेलं होतं. आता ते काकूंच्या हातात होतं.

सर्वात जास्त वेळ गेला बोंबलावर. एक मुलगा ठामपणे म्हणाला, बोंबील कास्थिमत्स्य. का? तर त्याचं हाड लागतच नाही, मऊ असतं, आपण सगळंच खातो. तर्क अगदी बरोबर दिसतो की नाही? शेजारच्या पाटीवर मुशी होती. मुशी म्हणजे लहान शार्क, खरी कास्थिमत्स्य. दोन्ही शेजारी ठेवले. मुशीची कातडी मुलांनी बोटाने चोळून पाहिली, पॉलिशपेपरसारखी खरखरीत. तोंड खालच्या बाजूला. डोक्यामागे कल्ल्यांच्या उघड्या फटी, एका बाजूला पाच. बोंबलाच्या कल्ल्यांवर मात्र झाकण. काकू म्हणाल्या, "गिऱ्हाईक हेच झाकण उचलून बघतंय, आत लाल हाय का नाय." म्हणजे ताजेपणा बघायची जी खूण मुंबईतल्या प्रत्येक आईला माहीत आहे, तीच अस्थिमत्स्याची खूण. बोंबील अस्थिमत्स्यच, त्याची हाडं फक्त नाजूक आहेत. पाकटही त्या दिवशी होता. तोही कास्थिमत्स्य. 2013 च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर ज्याने कित्येक भाविकांना डंख मारले तो हाच, असं सांगितल्यावर सगळे एक पाऊल मागे सरले.

आमच्यातल्या एका मुलाच्या घरी मासे चालत नाहीत. आदल्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला होता, 'बाजारात आत जायला लावू नका.' रास्त आहे, त्यांच्या घरची रीत. तो बाहेर रिक्षा स्टँडजवळ वही घेऊन उभा राहिला. प्रत्येकाने आतून यायचं, प्राण्याचं नाव न घेता त्याला फक्त खुणा सांगायच्या आणि त्याने संघ आणि वर्ग ओळखायचा. सांगणाऱ्याने 'ते चिकट असतं' असं काहीतरी मोघम सांगितलं की तो परत पाठवायचा. "पाय किती? सांधे आहेत का? जा, बघून ये." शेवटी त्या दिवशी सर्वात जास्त शिकला तो, एकही मासा न बघता. हाच खेळ आता आम्ही राष्ट्रीय उद्यानातल्या प्राण्यांवर खेळतो. कान्हेरीच्या लेण्यांतलं वटवाघूळ पक्षी की सस्तन, यावर अजून एक जण दर वेळी आऊट होतो.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला, तिकडे येते.

चौथ्या शनिवारी ठरलेला धडा होता तिसरा, सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २. प्रजनन. मी जरा उशिरा पोचले तर मुलं पाचवा धडा घेऊन बसलेली. विचारलं तर एक मुलगा खाली बघत म्हणाला, "बाई, तो धडा आम्ही ऑप्शनला टाकला."

हिशेबही तयार होता. 40 गुणांचा पेपर, तिसऱ्या प्रश्नात आठपैकी पाच सोडवायचे, चौथ्यात दोनपैकी एक. एक धडा सोडला तरी चालतं. वनस्पतींचं प्रजनन तेवढं करणार होते, पुढची पानं नाही. मुली एका बाजूला, मुलगे एका बाजूला, आणि मध्ये अख्खं टेबल रिकामं. इतके आठवडे सगळे गोल बसत होते.

यात मुलांना बोलायचा मला अधिकार नाही. पहिली काही वर्षं मी स्वतः 'हा भाग घरी वाचा' म्हणून पुढे गेले आहे. हे वाचणाऱ्या किती शिक्षकांनी तसं केलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत. याच मुंबईत र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, याच विषयांवर उघड लिहिलं, नोकरी गमावली, खटले सोसले. आणि आपण पाठ्यपुस्तकात छापलेलं पान उलटतो.

मी त्या दिवशी सगळा धडा घेतला नाही. एकच भाग घेतला, लिंगनिश्चिती. आणि त्यासाठी घरून बटणं आणली होती, कारण कोणाच्या तोंडाकडे न बघता हाताला काम असलं की बोलणं सोपं जातं.

दोन डब्या. एक आईची, तिच्यात दोन पांढरी बटणं. एक वडिलांची, तिच्यात एक पांढरं आणि एक काळं. पांढरं म्हणजे एक्स गुणसूत्र, काळं म्हणजे वाय. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं असतात, त्यांतली 44 बाजूला ठेवू, उरलेल्या दोनांचा हा खेळ. युग्मक तयार होताना अर्धगुणसूत्री विभाजन होतं, म्हणून प्रत्येक डबीतून एकच बटण काढायचं, न बघता. दोन पांढरी आली तर मुलगी. एक पांढरं, एक काळं आलं तर मुलगा. बटणं परत टाकून पुन्हा काढायचं. आठ जणांनी दहा-दहा वेळा काढली. ऐंशीपैकी त्रेचाळीस मुली, सदतीस मुलगे.

आईच्या डबीत हात घालणाऱ्याला तिसऱ्या वेळीच कंटाळा आला. "बाई, हिच्यातून काय, पांढरंच येणार." हे वाक्य त्याने सहज म्हटलं. मी फळ्यावर लिहिलं.

हे मुळात सापडलं कशात, तेही सांगितलं. नेटी स्टीव्हन्स नावाच्या अमेरिकन बाईने 1905 साली पिठात होणाऱ्या एका किड्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. काही शुक्रपेशींत एक गुणसूत्र मोठं, तर काहींत त्याच्या जागी एक अगदी लहान. लहानवाले ते नर होतात. पिठातला किडा म्हटल्यावर मुली हसल्या आणि टेबलाची मधली जागा जरा कमी झाली.

एका मुलाला लागोपाठ पाच वेळा पांढरं-पांढरं आलं. तो म्हणाला, "आता काळं येणारच. पाच झाली ना." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. तेव्हा जी आतापर्यंत काहीच बोलली नव्हती, ती मुलगी म्हणाली, "कशाला येईल? डबीला काय माहीत, आधी काय आलं ते?"

ही तीच, दह्याचा प्रश्न विचारणारी. तिला तीन धाकट्या बहिणी आहेत हे मला माहीत होतं. घरी काय बोललं जातं ते माहीत नव्हतं. ते तिने त्या दिवशी सांगितलं, तेही थेट नाही. म्हणाली, "आमच्या आजीला वाटतं पुढच्या वेळी नक्की मुलगा. आधी तीनदा पण नक्कीच होता." कुणी हसलं नाही. मग एक मुलगा, अगदी चांगल्या मनाने, म्हणाला, "म्हणजे चूक आईची नाही, बाबांची." ती म्हणाली, "त्यांनी तरी कुठे बघून काढलं? चूक कोणाचीच नाही. पण बोलणी आईला बसतात."

पेपरात या भागावर प्रश्न येतो. 'मुलगा किंवा मुलगी होण्यास स्त्रीला जबाबदार धरणे योग्य नाही' यासारखं विधान देऊन कारण लिहायला सांगतात. मुलं दोन-तीन गुणांचं छापील उत्तर लिहून येतात. महाराष्ट्र हे गर्भलिंग चाचणीला आळा घालणारा कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य, 1988 साली. देशाचा कायदा 1994 चा. इतका जुना कायदा आणि इतका साधा दोन डब्यांचा हिशेब, तरी तो त्या पोरीच्या घरी पोचला नव्हता. मी पोचवायला हवा होता का? चार वर्षांपूर्वी तिची मावशी माझ्याच वर्गात होती. तेव्हाही हे पान होतं. मी भरभर वाचून दाखवलं होतं.

निघताना तिने विचारलं, "बाई, बटणं घरी नेऊ?" दिली.

पुढचं मी तिच्याकडून ऐकलं ते लिहिते. आजीसमोर डब्या ठेवून तिने उजळणी केली, परीक्षेचा अभ्यास म्हणूनच. आजीने आधी हात लावला नाही. धाकट्या बहिणींनी काढली, आईने काढली. मग आजीनेही काढली. आजीला लागोपाठ दोन पांढरी आली, तीनदा. चौथ्यांदा काळं आलं तर आजी खूश झाली आणि मग थोडा वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "तुझ्या आजोबांच्या आईनं मला लई बोललं होतं." या आजीलाही आधी दोन मुलीच झाल्या होत्या, हे नातीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांतली एक लहानपणीच गेलेली.

यापुढे त्या घरात बोलणी थांबली, असं मी लिहू शकत नाही. मला माहीत नाही आणि ते विचारायची माझी जागाही नाही. पालकसभेला तिची आई आली होती. प्रगतिपुस्तकावर सही केली, गुणांचं काही विचारलं नाही. जाताना दारातून परत वळून म्हणाली, "बाई, त्या डब्या अजून आमच्याकडेच हायत. पाठवून देऊ का?" म्हटलं, राहू द्या.

आता पालकांनी विचारलेल्या दोन गोष्टी. एकत्र अभ्यास म्हणजे टाइमपास नाही का होत? होतो. आमच्याकडेही होतो. मोबाइल मी प्रयोगशाळेच्या सिंकशेजारच्या ट्रेमध्ये ठेवायला लावते, तरी दोन तासांतली वीस मिनिटं क्रिकेटमध्ये जातात. ती जाऊ द्यावीत असं माझं मत आहे. आणि मुलगे-मुली एकत्र कशाला, असं जे विचारतात त्यांना मी त्या टेबलाची गोष्ट सांगते. वेगळे बसले असते तर 'बोलणी आईला बसतात' हे वाक्य मुलग्यांनी ऐकलंच नसतं. घरी संध्याकाळी 'किती धडे झाले?' असं विचारण्याऐवजी 'आज तुला कोणी काय विचारलं?' असं विचारून बघा. उत्तर आलं नाही तर त्या दिवशी एकानेच वाचलं आणि बाकीच्यांनी ऐकलं, असं समजा.

शिक्षकांसाठी एक सावधगिरी. गटात चूक फार लवकर पसरते, हे आमच्या पाच पेपरांनी दाखवलंच. म्हणून कोणीतरी मोठं माणूस आठवड्यातून एकदा तरी चुकांची वही चाळणारं हवं. रोज बसायची गरज नाही. मी तर बऱ्याचदा मागच्या बाकावर माझे पेपर तपासत बसते आणि बोलायची इच्छा झाली की पाण्याची बाटली तोंडाला लावते. खरंच सांगते, कठीण जातं.

शेवटचा शनिवार येत्या आठवड्यात आहे. दहावा धडा, आपत्ती व्यवस्थापन, अजून राहिलाय. त्याला मुलं 'वाचून जमतो' म्हणतात, पण त्यांना 26 जुलै 2005 विचारायची आहे. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा यांचा जन्मही झाला नव्हता. म्हणून प्रत्येकाने घरून एक आठवण विचारून आणायची आहे : पाणी कुठपर्यंत आलं, रात्र कुठे काढली, नंतर कोण आजारी पडलं. त्या पावसानंतर पसरलेला लेप्टोस्पायरोसिस कशामुळे होतो, हे सातव्या धड्याशी जोडायचंय. गोराईची मुलगी आजोबांनाच घेऊन येते म्हणाली आहे. त्यांना बोटीने परत जायचं असतं, त्यामुळे या वेळी तीनऐवजी दोनलाच सुरू करणार आहोत. बोरिवली-दहिसरकडच्या शिक्षकांपैकी कोणाला यायचं असेल तर जरूर या. फक्त पहिली दहा मिनिटं तुम्हालाही पुस्तक बंद ठेवून लिहावं लागेल. मुलांनी तसा नियमच केलाय.